लाऊ बेटांवरचा जीवखडा

सुमन, तुझं मडकं फोडायला तोच दगड मी मुद्दाम निवडला. आपल्या वैशूला मी सांगितलंय की घरात दुसरा दगडच नव्हता म्हणून तो घेतला. ते खोटं. तुला खरं सांगतो, कारण तुला आता उलट बोलता येत नाही, आणि येत होतं तेव्हा तरी मी कुठं ऐकत होतो.

मंडळाच्या अंकवाल्यांनी "काकींबद्दल दोन शब्द लिहून द्या" म्हणून फोन केला. त्यांना काय हवंय ते मला कळतं. प्रेमळ, हसतमुख, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारी. तसं लिहिणारी माणसं मंडळात पुष्कळ आहेत. मी सातवी नापास, सगळा जन्म कॉव्हेंट्रीच्या फाउंड्रीत काढलेला. मला लिहायचंय ते तुलाच लिहितो. छापायचं तर छापू दे, नाहीतर राहू दे.

इथं मयत ताब्यात मिळायलाच दोन आठवडे जातात. तुझी पेटी तासभर घरी आणली. क्रिमेटोरियममध्ये मडकं फोडू देत नाहीत, म्हणून ते मागच्या अंगणातच उरकायचं ठरलं. मडकं तरी कुठलं? गावातल्या प्रत्येक मर्तिकाला माझ्या बापाच्या घरातून मडकं जायचं, आणि त्याच कुंभाराच्या सुनेला गार्डन सेंटरमधली कुंडी. तिला तळाला आधीच भोक. वैशू ग्लासगोहून आलेली, इथंच वाढल्यानं मोडकंतोडकं मराठी बोलणारी, ती कणीक मळून ते भोक बुजवत बसली होती.

मी म्हणालो, "अगं, मडक्याला भोक पाडायचं असतं. आपण बुजवतोय."

"मग पाणी कसा राहील, बाबा?" ती म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

कुंडी खांद्यावर घेऊन मी पेटीभोवती फिरायचं आणि मागून तिनं दगडानं टोचा मारायचा, असं ठरलं. पण आपल्या अंगणात सगळ्या फरश्या. वैशू म्हणाली, शेजारच्यांच्या बागेतून एखादा आणते. मी म्हणालो, "नको. वर आईच्या खोलीत ट्रे आहे. त्यात रुमालात गुंडाळलेला एक आहे. तो आण."

तो दगड मला तीन महिने डोळ्यांत सलत होता. मला काही ठाऊक नाही असं तुला वाटत होतं ना? गुळगुळीत, काळपट, मुठीएवढा. मी जिना चढताना पाऊल वाजलं की तू तो रुमालात लपेटायचीस. रुमालही माझाच. एकदा दाराच्या फटीतून बघितलं, तर तू तो तळहातावर घेऊन डोळे मिटून बसली होतीस. बायको म्हातारपणी दगड हातात घेऊन डोळे मिटते, म्हणजे तो दगड कुणीतरी दिलेला असतो. कुणी दिला असेल, तेही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ग्रॅहम.

तू युनिव्हर्सिटीत लादी पुसायला लागलीस, तेव्हा त्यांच्या उत्खननाच्या खोलीत खापऱ्यांचे ढीग पडलेले असायचे. पॅसिफिकमधल्या बेटांवरून आणलेले. एका अंगाला फिजी, दुसऱ्या अंगाला टोंगा, आणि मधे ही लाऊ नावाची बेटांची रांग, धड इकडची नाही, धड तिकडची नाही. तू लादी पुसता पुसता कुणालातरी म्हणालीस, "हे दोन तुकडे एकाच भांड्याचे आहेत." ते निघालेही एकाच भांड्याचे. तेव्हापासून तुझ्या हातातला मॉप गेला आणि ब्रश आला. ग्रॅहम तिथला मोठा साहेब. तो तुला 'सू' म्हणायचा. सुमन म्हणायला जीभ झिजते काय? "त्यांना जमत नाही हो," तू म्हणायचीस. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी काय खाल्लं ते त्याला जमतं, आणि सुमन जमत नाही.

तरी सुरुवातीला मी काही म्हणालो नव्हतो. तू खापऱ्यांच्या गोष्टी सांगायचीस, मी चहा प्यायचो. एकदा दोन तुकडे पिशवीतून घरी घेऊन आलीस. नियमात बसत नव्हतं, तरी आणलेस. बाहेरून दोन्हींवर सारखीच नक्षी, बारीक दात्यांनी टोचल्यासारखी. "साहेब म्हणतात, दोन्ही एकाच चुलीपाशी सापडले, एकाच लोकांचे. तुम्हाला काय वाटतं?" मी बोट आतून फिरवलं. फाउंड्रीत चाळीस वर्षं काढली तरी कुंभाराचं बोट ते. मी म्हणालो, "बाहेर बघू नकोस. बाहेरची नक्षी सासरची असते. आतला हात माहेरचा. सून आली की सासू सांगेल तसं मडकं नटवते, पण आतून दगड धरून बाहेरून चोपायची रीत तिची तिच्या आईकडचीच राहते. ह्या तुकड्यात आतले खळगे सरळ आहेत, ह्यात तिरके. ह्या दोघींचं सासर एक, पण माहेर वेगळं."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. एवढं कधी लग्नातही बघितलं नव्हतंस.

वर्षभरानं वैशूनं कंप्युटरवर ग्रॅहमचा संशोधनाचा पेपर काढला आणि वाचून दाखवला. लाऊच्या बेटांवर सुना समुद्र ओलांडून यायच्या, कुणी फिजीकडून, कुणी टोंगाकडून. बाहेरची नक्षी बेटाची, आतला हात आपापल्या आईचा. माझं बोलणं, शब्दाला शब्द. नाव ग्रॅहमचं. तुझं नाव शेवटी, जिथं पेपर टाइप करणाऱ्या बाईचे आभार मानतात तिथं.

त्या दिवशी मी जे बोललो ते तुलाही पाठ होतं, मलाही आहे. "माझ्या बापाची विद्या तू त्या गोऱ्याच्या पानात नेऊन वाढलीस." तू म्हणालीस, "अहो, ऐकून तर घ्या." मी म्हणालो, "ह्या घरात पुन्हा खापरी आणलीस तर कचऱ्याच्या बिनमध्ये टाकीन. आणि मला पुन्हा काही विचारायचं नाही." तू "बरं" म्हणालीस. तुझं 'बरं' मला कधीच आवडलं नाही. भांडणात हरलेला माणूस इतक्या शांतपणे 'बरं' म्हणत नाही.

म्हणून तो दगड. म्हटलं, त्याचीच भेट ना? मग त्यानंच तुझं मडकं फुटू दे. मडकं फोडलेला दगड तोच जीवखडा, तो दहा दिवस घरात ठेवायचा, रोज पाणी घालायचं आणि दहाव्या दिवशी नदीत सोडायचा. म्हणजे दगडही गेला आणि त्याच्याबरोबर साहेबही. असला विचार मी तुझी पेटी समोर असताना केला. केला तो केला.

नऊ दिवस मी त्याला पाणी घातलं. हातात मात्र घेतला नाही, ताटलीत होता तसाच ठेवला. नवव्या दिवशी ताटली पुसायला म्हणून वैशूनं तो उचलला आणि म्हणाली, "बाबा, ह्या दगडवर खाली नंबर आहे." पांढऱ्या शाईत, तुझ्या अक्षरात, मुंगीएवढे आकडे. त्याच दुपारी ग्रॅहमचा फोन आला. वैशूनं घेतला. ती बोलत होती आणि माझ्याकडे बघत होती. ती तसं बघते तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं असतं.

"बाबा, ते सगळे बॉक्स फिजीच्या म्युझियमला परत चालले आहेत. पुढच्या आठवड्यात. एक वस्तू मिळत नाही. एक गोल दगड. लास्ट आईनं घेतला होता, सही आहे."

"मग?"

"मग नाही मिळाला तर ते मिसिंग लिहिणार. आईची नावासमोर."

"तो दगड तुझ्या आईचा जीव आहे. उद्या नदीत जाणार."

"तो म्युझियमचा आहे, बाबा!"

"जीव म्युझियमचा नसतो."

ती दार आपटून वर गेली. दार आपटायची तिची सवय माझ्यावरून आलेली. तू कधी आपटलं नाहीस. मी खाली बसून विचार केला. सुमन कुंभार, सव्वीस वर्षं खापऱ्या धुतल्या, एकही हरवली नाही. आणि मेल्यावर यादीत लिहिणार, हिनं नेला, परत आला नाही. तिथल्या बेटावरची माणसं ते वाचणार आणि म्हणणार, इंग्लंडमधल्या कुठल्याशा बाईनं आमची वस्तू लांबवली. मी नदीत सोडला तर चोर तू. मी परत दिला तर तुझा जीव खोक्यात.

शेवटी मी तुझी वही उघडली. खरं सांगू? मी पत्रं शोधत होतो. पत्रं नव्हती. खापऱ्यांची चित्रं होती, पानामागून पान, किती नीट काढायचीस गं. आणि शेवटच्या पानांवर हे: 'गोल दगड. साहेब म्हणतात नारळ फोडायचा असेल. मला नाही वाटत. यांना दाखवायचा.' त्याखाली: 'रविवारी.' त्याखाली: 'आज नाही, गुडघा दुखतोय म्हणून चिडलेत.' 'आज क्रिकेट.' 'आज बरे होते, पण मलाच धीर झाला नाही.' असं दीड पान.

हे वाचून माणसाचं मन विरघळावं. माझं नाही विरघळलं. मी म्हटलं, बघा, पुन्हा माझ्याकडून काढून घ्यायचं आणि नेऊन त्याला द्यायचं. बायको गेली तरी संशय जात नाही, सुमन. तो घ्यायला काही सातवीपर्यंत शिकावं लागत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी ग्रॅहम स्वतःच आला. मी त्याला दहा-बारा वर्षांत बघितलं नव्हतं. काठी घेऊन चालतो, कानात मशीन. साहेब काय, माझ्यासारखाच म्हातारा. वैशूनं चहा केला. माझं इंग्लिश फाउंड्रीचं, तेव्हा मधेमधे तीच समजावत होती. मी दगड समोरच ताटलीत ठेवला होता. त्यानं तो बघितला आणि मोठा श्वास सोडला, पण हात घातला नाही. वैशूनं त्याला फोनवर सगळं सांगितलेलं असणार.

मी म्हणालो, "दगड नंतर. आधी तो पेपर. ती गोष्ट माझी होती."

तो गोंधळला. म्हणाला, "मी सूला म्हणालो होतो, तुझं नाव माझ्या बरोबरीनं घालू. ती नको म्हणाली. म्हणाली, ती कल्पना माझी नाही."

"मग कुणाची म्हणाली?" मी वाट बघत होतो. आता म्हणेल, माझ्या मिस्टरांची.

"तिच्या सासूबाईंची."

मी वैशूकडे बघितलं, भाषांतर चुकलं असेल म्हणून. मदर-इन-लॉ, एवढं इंग्लिश मलाही येतं.

"ती थट्टा करतेय असं मला वाटलं," ग्रॅहम म्हणाला. "सासूबाईंचं नाव पेपरात कसं घालणार? म्हणून मी फक्त तिचे आभार मानले. ते चुकलंच."

माझा विश्वास बसला नाही. घरी यायचं, म्हाताऱ्याला गोड बोलायचं, दगड काढून न्यायचा. मी म्हणालो, "माझी आई हिला काय शिकवणार? ही मॅट्रिक झालेली, तालुक्याच्या गावची."

तेव्हा तो म्हणाला, "व्हिसा येईपर्यंत सू त्यांच्याकडे अकरा महिने राहिली होती ना? तुम्ही इथं होता. ती त्यांच्याजवळ बसून मडकी चोपायची. त्यांची करंगळी वाकडी होती, मडक्याच्या आत तिची खूण उमटायची, असं ती सांगायची. त्यांना आत हात घालून कळायचं कुठल्या सुनेनं कुठलं मडकं केलंय."

आईची करंगळी. मी लहान असताना बैलगाडीखाली आलेली. ती कुठल्या फोटोत नाही, कारण आई पदराखाली हात घ्यायची. हे माणसाला बनवून सांगता येत नाही.

म्हणजे सुमन, तुला आधीच माहीत होतं. ते दोन तुकडे घेऊन आलीस तेव्हा तुझ्या बोटांना ठाऊक होतं, तरी "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून विचारलंस आणि मी शहाण्यासारखा शिकवत बसलो. आणि बापाची विद्या कसली? बाप चाकावर. चोपायचं काम आमच्या घरात आईचंच. मी कधी चोपणं हातात धरलं नाही. पाच वर्षांचा असताना तिच्या मांडीशी बसून ऐकलं तेवढंच. तेच पुढं माझं म्हणून सांगितलं. ग्रॅहमनं चोरलं म्हणून मी बारा वर्षं धुसफुसलो, आणि त्याच्या आधी मीच चोरलं होतं.

मग दगड का लपवायचीस, तेही कळलं. बिनमध्ये टाकीन म्हणालो होतो ना मी. आणि तुला मला काही विचारायचं नव्हतंच. तुला दाखवायचा होता.

मी तो पहिल्यांदा हातात घेतला. एका अंगाला पाठ झिजून सपाट, दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा खळगा. माझा अंगठा त्यात बसेना. ग्रॅहमला म्हणालो, तुमचा बघा. त्याचा तर अजिबात नाही. मग वैशूला म्हणालो, "इकडं ये. धर. मूठ आवळू नकोस, मडक्याच्या पोटात हात घातलाय असं समज." तिनं धरला. बसला, अगदी मापानं घडवल्यासारखा. तिला एकदम हुंदका आला. तिचा हात तुझ्यावर गेलाय, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. पंचेचाळीस वर्षांची पोर.

मी ग्रॅहमला म्हणालो, "नारळ नाही. हा मडक्याच्या आतून धरायचा गोटा आहे, आणि बाईचा आहे. डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं बाहेरून चोपायची. पाठ बघा, वर्षानुवर्षं एकाच जागी घासलेली. एका बाईनं वापरून मग लेकीला नाहीतर सुनेला दिलेला असणार." तो भराभरा लिहून घेत होता. आधीचा मी असतो तर पेन काढून घेतलं असतं.

लेस्टरच्या भटजींना फोन केला. जीवखडा नदीत बुडवून परत काढला तर चालेल का? ते म्हणाले, "काका, शास्त्रात तसं नाही." मी म्हणालो, शास्त्रात कुंडी पण नाही. ते हसले, म्हणाले, मग तुमचं तुम्ही ठरवा.

एव्हन नदीवर आम्ही तिघं गेलो. साहेब काठावर काठी टेकून उभा राहिला, मी वैशूचा हात धरून पाण्यात उतरलो. पाणी असं गार की दात वाजले. दगड पाण्यात धरला. सोडावासा वाटला, खोटं कशाला सांगू. सोडला असता तर तू इथं कॉव्हेंट्रीपाशी राहिली असतीस, मला बसनं येता आलं असतं. मनात आलं, हा माणूस खरंच परत पाठवणार का? का स्वतःच्या कपाटात ठेवणार? काय भरोसा. मग तुझी ती सही डोळ्यांपुढं आली. सुमन कुंभार, लपेटदार. मी दगड वर काढला, रुमालानं पुसला. तू समुद्र ओलांडून आलेली सून. तुझा जीवखडा समुद्र ओलांडून बाईच्या हातात परत जातोय. तिथं फिजीत अजून बायका अशीच मडकी करतात म्हणे. ग्रॅहम म्हणाला ते. पोचल्याची सही वैशूला दाखव, असं मी त्याला तीनदा बजावलंय.

गाडीत बसून त्यानं फॉर्म काढला. वस्तू काय, त्या रकान्यात लिहिलं. मग ओळख कुणी पटवली, म्हणून एक रकाना. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "लिहा. सुमन कुंभार. सू नाही. वैशू, त्याला स्पेलिंग सांग. आणि तिच्या आधी लिहा, गंगूबाई कुंभार." तो म्हणाला, रकाना छोटा आहे. मी म्हणालो, मग अक्षर बारीक काढा, सुमन दगडावर काढायची तेवढं.

त्यानं दोन्ही नावं लिहिली. जमलं त्याला. मग पेन तसंच धरून म्हणाला, "आणि तुमचं?"

मी म्हणालो, "मी काय केलं? मी फक्त संशय घेतला. त्याला रकाना आहे का बघा."

वैशूनं ते इंग्लिशमध्ये सांगितलं नाही.